दामू मेस्त्रीचा वारा

ओळख झाल्या झाल्या दामू मेस्त्री समोरच्याच्या हातात फुगा द्यायचा. इतरांच्या खिशात पेन असतं, त्याच्या खिशात फुगे. माझा मेहुणा पहिल्यांदा आमच्या गावी, हळर्णला आला, त्यालाही त्यानं अंगणातच फुगा फुगवायला लावलं. मेहुण्यानं छाती भरून एक फुंकर मारली आणि धापा टाकत थांबला. दामू खूश. "बघितलात? ही झाली टाकी. आता फुडे वारो खंय?"

दामू माझा शेजारी. डिचोलीकडच्या एका खाणीच्या वर्कशॉपात वेल्डर होता. गोव्याचं राज्य होऊन काही वर्षं झाली असतील, तेव्हा तो निवृत्त झाला आणि एक जुनं प्लाझ्मा कटर घेऊन घरी आला. वीज आणि दाबाची हवा यांच्या जोरावर लोखंडी पत्रा कापणारं यंत्र. आता त्याला हवा पुरवायला कंप्रेसर हवा, तोही घरच्या विजेवर चालणारा.

त्यासाठी त्यानं म्हापशाची दुकानं पालथी घातली. दुकानदार टाकीवर थाप मारून म्हणायचा, "केवढी मोठी बघा!" दामू म्हणायचा, "टाकी सांगू नकात. वारो सांगा." टाकी हा नुसता साठा, मेहुण्याच्या छातीसारखा, एका फुंकरीत संपणारा. पंप मिनिटाला किती हवा देतो ते बघायचं, आणि कटर मागतं त्याच्या दीडपट घ्यायचं, हा त्याचा कायदा. एका दुकानात तो टाकी रिकामी करून, ती परत भरेपर्यंत घड्याळ धरून बसला. मालक जेवून आला, दामू तिथंच. शेवटी टाकी बेताची पण पंप दमदार, असा कंप्रेसर घरी आला.

"सून बघताना इतके प्रश्न इचारूंक नाय!" त्याची बायको म्हणाली.

आमच्या दमट हवेत टाकीत पाणी साचतं. ते कटरमध्ये गेलं की टोक जळतं, काप फाटतो. म्हणून टाकीखालचा नळ उघडून पाणी काढल्याशिवाय दामू सकाळचा चहा घेत नसे.

गावच्या वाचनालयाला कमान करायची ठरली. मी शाळामास्तर, समितीचा चिटणीस. नाव मराठीत की कोंकणीत, यावर तीन बैठका झाल्या. दामू म्हणाला, "भास तुमी ठरवा, वारो मी ठरयतंय." नावाची अक्षरं पत्र्यातून कापायचं काम मीच त्याला मिळवून दिलं होतं. ते बघायला समिती दुपारी येणार होती.

त्याच सकाळी स्कूटरवर रंग फवारायला मी त्याचा कंप्रेसर मागून नेला. दोन तास चालवला, घाईघाईनं परत केला.

"मास्तर, पाणी काढलात मां?"

"काढलं."

मी काढलं नव्हतं. पण मास्तरांनी सांगितलं म्हणून दामूनं नळाला हात लावला नाही.

दुपारी पहिल्याच अक्षरावर कटर तडतडलं, विझलं. पुन्हा पेटवलं, पुन्हा तेच. पत्रा उंदरानं कुरतडल्यासारखा झाला. "दामू, फुगो काढ आता!" कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

दामू खाली वाकला. नळ उघडला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. त्यानं मान वर करून एकदाच माझ्याकडे बघितलं, मग समितीकडे.

"कंप्रेसर ल्हान पडलो," तो म्हणाला. "हिशेब माझोच चुकलो."

मीही समितीच्या वहीत तेच लिहिलं. कमान म्हापशात झाली. त्यानंतर दामूच्या खिशात फुगा कुणी बघितला नाही.

दुसऱ्या सकाळी तो आमच्या अंगणात आला होता. स्कूटरच्या नव्या रंगावर बारीक फोड आले होते, हवेतून पाणी आलं की येतात तसे. त्यावरून त्यानं अंगठा फिरवला. मला वाटलं, आता बोलेल.

"रंग बरो निवडलात, मास्तर," तो म्हणाला आणि चहाला थांबला.

दामू जाऊन बरीच वर्षं झाली. गावात अजून कुणाचा अंदाज फसला की म्हणतात, दामूचो हिशेब. म्हणून हे लिहून ठेवतो. हिशेब बरोबर होता. वारा पुरेसा होता.