ओ न मिळालेल्या हाका

धामणखेडच्या नगर संग्रहालयात ओ न मिळालेल्या हाका ठेवलेल्या होत्या. सहा दर्शनी दालनात, काचेमागे. बाकीच्या दोन हजार तीनशे दहा मागच्या कोठीत, चिनीमातीच्या बरण्यांमध्ये. प्रत्येक बरणीच्या तोंडाला कापडी दादरा घट्ट बांधलेला, आणि गळ्यात अडकवलेल्या चिठ्ठीवर कुणी, कुठे, कधी हाक मारली ते लिहिलेलं. कुणीतरी हाक मारावी, पलीकडून कुणी ओ देऊ नये, आणि नेमका त्याच वेळी संग्रहालयाचा माणूस बरणी घेऊन दारात असावा, असा हा संग्रह सत्तर वर्षांत जमत गेला होता.

कुमुदिनी हरदास तिथे अठरा वर्षं अभिरक्षक होती. या अठरा वर्षांत तिला एका जागी स्वस्थ बसून चहा प्यायल्याचं आठवत नव्हतं. बरण्या गप्प बसत नसत. दुपारी ऊन कोठीच्या पत्र्यावर आलं की आतून बारीक खडखड सुरू व्हायची. शिवाय सगळ्या बरण्या आठवडाभरात बोटभर दाराकडे सरकायच्या. दर शनिवारी शिपाई रज्जाकभाई मुजावर त्यांना बोटभर मागे सारत. कुमुदिनी पत्र लिहायला बसे, दोन ओळींत उठे, कुलूप बघून येई, पुन्हा बसे. घरचे म्हणत, तुझ्या पायाला भिंगरी आहे. ती म्हणे, माझ्या नाही, बरण्यांच्या.

मार्चमध्ये संचालनालयाचं परिपत्रक आलं. साठवणीतला संग्रह कुलपात ठेवू नये, तो जनतेला उपलब्ध करून द्यावा, दोन महिन्यांत अहवाल पाठवावा.

कुमुदिनीनं ते चार वेळा वाचलं आणि कोठीभोवती दोन फेऱ्या मारल्या. हाकेला ओ मिळाली की हाक संपते आणि बरणी रिकामी होते, हे गावातल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक होतं. ज्यानं ओ दिली त्याला जिथून हाक आली तिथे जावं लागतं, हेही ठाऊक होतं. म्हणजे कोठी उघडायची तर ती रिकामीच करायची. आणि रिकाम्या बरण्यांचं संग्रहालय कोण चालू ठेवणार? इमारतीवर आधीच तीन कार्यालयांचा डोळा होता.

तिनं उत्तर पाठवलं की संग्रहाचं स्वरूप पाहता हे शक्य नाही. त्यावर सहायक संचालक विद्याधर पेंढारकर स्वतः जीपने आले.

पेंढारकर पन्नाशीचे, उंच, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कोठी पाहिली, नोंदवही चाळली.

"वर्गवारी कशी केलीय?"

"नावाच्या हाका डावीकडे, साहेब. जनावरांना मारलेल्या खाली. आणि ह्या नाव न घेता मारलेल्या. 'अगं', 'अहो', 'ए ऐक'. चारशेबारा आहेत."

"त्यातली एक उघडा."

"नाव न घेतलेली नको, साहेब. नावाची हाक असली तर त्याच नावाचा माणूस लागतो. 'अहो'ला कुठलाही नवरा ओ देईल."

"अहवालात प्रात्यक्षिक लिहावं लागतं. आणि मी अविवाहित आहे, बाई. मला अहो म्हणणारं कुणी नाही, तेव्हा माझी काळजी करू नका."

यात नियमाप्रमाणे काही चुकीचं नव्हतं. रज्जाकभाईंचं लग्न झालेलं होतं, म्हणून त्यांनी पद्धतीप्रमाणे सुपारी तोंडात धरली आणि ओठ मिटून घेतले. जीपचा ड्रायव्हरही नवरा होता, त्याला अंगणाबाहेर उभं केलं. पेंढारकरांनी दुसऱ्या फळीवरची एक बरणी दाखवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं : इंदुमती तांबट, तांबट आळी, होळी. पुढे घातलेलं साल बावन्न वर्षांपूर्वीचं होतं.

कुमुदिनीनं दादरा सोडला.

"अहो, जरा येता का इकडे?"

तरुण बाईचा आवाज होता. मागे बांगड्या वाजल्या, आणि त्याच्याही मागे कुठेतरी हातोडीची ठकठक. हाक कोठीभर फिरली. तिच्यात राग नव्हता, घाई नव्हती. माणूस इथेच आहे आणि येणारच आहे, अशा खात्रीनं मारलेली ती हाक होती.

"ओ, आलो," पेंढारकर म्हणाले.

मग त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता. बरणी कुमुदिनीच्या हातात एकदम हलकी झाली.

"मी बोललो?" त्यांनी विचारलं.

"हो, साहेब."

"पण मला तर कुणी..." एवढं म्हणेपर्यंत त्यांचे पाय चालू लागले होते. कोठीबाहेर काढलेल्या चपलाही त्यांना घालता आल्या नाहीत. कुमुदिनीनं नोंदवही आणि रिकामी बरणी उचलली, रज्जाकभाईंनी चपला उचलल्या, आणि दोघं मागून निघाले. त्यांच्या मागून जीप.

पेंढारकर धामणखेडला पहिल्यांदाच आले होते, तरी त्यांनी कुणाला वाट विचारली नाही. बाजारातून डावीकडे, दत्तमंदिराच्या बोळातून खाली, तांबट आळीत चौथं दार. दार उघडंच होतं. आत जात्याशेजारी पंचाहत्तरीची एक बारीक चणीची बाई तांदूळ निवडत होती.

"आलात?" ती म्हणाली. "पाय धुवून घ्या."

पेंढारकर म्हणाले, "मी सहायक संचालक..."

"असाल. पण ओ तुम्हीच दिलीत ना?"

"हो. मीच."

"मग तिकडे माळ्यावर पुरणयंत्र आहे, तेवढं काढून द्या. माझा हात पोचत नाही."

पेंढारकरांनी पाय धुतले, स्टूल घेतलं, वर चढले. जळमटांतून त्यांनी लोखंडी पुरणयंत्र ओढून काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे ठेवलं. एवढंच काम होतं. त्यांचे पाय त्यांना परत मिळाले, ते त्यांनी जरा हलवूनही पाहिले. पण ते गेले नाहीत. भिंतीला टेकून खालीच बसले.

इंदुमतीबाई पदरानं यंत्र पुसत होत्या.

कुमुदिनीला राहवलं नाही. "बावन्न वर्षांत हे दुसऱ्या कुणी काढून दिलं नाही?"

"निघत नव्हतं ना. आमच्या ह्यांनी ओढून पाहिलं, दिरांनी पाहिलं. ओ दिलेल्याशिवाय ते काम व्हायचं कसं? बावन्न होळ्या पाट्यावर पुरण वाटलं मी."

"आणि ते... त्यांनी तेव्हा ओ का दिली नाही?"

"परसात हंडा ठोकत होते. ऐकूच गेलं नाही. मी दुसऱ्यांदा मारणार, एवढ्यात तुमच्या संग्रहालयाचे ते जुने साहेब दारात उभे. म्हणाले, वहिनी, फार सुरेख हाक आहे तुमची, ठेवून घेऊ का? मी चोवीस वर्षांची. मला वाटलं, आपल्याकडे काय, हाका खंडीभर आहेत, एक गेली म्हणून काय होतंय. सही केली."

त्यांनी यंत्राची मूठ फिरवून पाहिली.

"मग?" कुमुदिनीनं विचारलं.

"मग काय. हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजच नाही. बोलता येतं सगळं, हे बघा बोलतेच आहे. पण लांबच्या माणसाला बोलवायचं म्हटलं की घशात काही नाही. त्यांच्याजवळ चालत जायचं, खांद्याला हात लावायचा. त्यांना वाटलं, मी कशावरून तरी रुसलेय. मी सांगितलं खरं काय ते. ते म्हणाले, असं कुठे असतं का? नऊ वर्षांपूर्वी गेले. जाईपर्यंत विचारत होते, अजून राग गेला नाही का म्हणून."

रज्जाकभाईंनी तोंडातली सुपारी काढून खिशात टाकली.

कुमुदिनी उठून उंबऱ्यापर्यंत गेली, परत आली, पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली आणि तिनं नोंदवही उघडली. 'देणगीदार' हा रकाना तिनं अठरा वर्षांत हजारदा पाहिला होता. त्यातली सही जुळते की नाही, एवढंच ती बघत आली होती. आता ती नावं वाचू लागली. सोपान गवंडी. हा रोज हातगाडीवर भाजी घेऊन यायचा आणि लोक आपणहून खिडकीत येईपर्यंत मुकाट उभा राहायचा. काशीबाई ढवळे, वर्गात पट्टी आपटणाऱ्या मास्तरीणबाई. वेशीजवळचा भिवा, जो गुरांना वळवायला स्वतः त्यांच्यापुढे पळायचा. पहिल्या सहा पानांवरच तिच्या ओळखीची एकोणीस माणसं निघाली, सगळी हिंडती-फिरती. धामणखेडची माणसं शांत, म्हणून जिल्ह्यात गावाचं नाव होतं. तिनं स्वतः पाहुण्यांना ते कौतुकानं सांगितलं होतं.

तिनं शेवटच्या नावावर बोट ठेवलं.

"साहेब," ती म्हणाली, "ही माणसं जिवंत आहेत."

पेंढारकर शेजारी येऊन बसले आणि वहीत वाकून बघू लागले. "ज्यांना हाका मारल्या, ती?"

"नाही, ज्यांनी मारल्या ती. ज्यांना मारल्या, ती बरीचशी गेली. पण त्यांच्या नावाची दुसरी माणसं गावात मिळतील. अहोला तर तुम्हीही चाललात."

"चाललो खरा," ते म्हणाले, आणि पुन्हा लाल झाले.

"बरण्या रिकाम्या होतील, साहेब. संग्रहालय राहणार नाही."

पेंढारकर सावकाश म्हणाले, "परिपत्रकात 'संग्रह उपलब्ध करून द्यावा' एवढंच आहे. उपलब्ध झाल्यावर तो शिल्लक राहिला पाहिजे, असं कुठे म्हटलेलं नाही. मी दोनदा वाचलंय."

"आणि इमारत?"

"तिचं मला सांगता येत नाही, बाई."

ते खरं बोलत होते हे तिला कळत होतं. कोठी डोळ्यांपुढे आली, फळ्यांवर सगळीकडे मोकळी तोंडं. तिनं रज्जाकभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मॅडम, शनिवारी मी त्यांना मागं सारतो ना, तेव्हा त्या माझ्या हाताला ढकलतात. तुम्हाला कधी सांगितलं नाही."

कुमुदिनीनं पेन काढलं आणि सोपान गवंडीच्या नावापुढे खूण केली. मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. रज्जाकभाईंना तिनं संग्रहालयात पाठवलं, त्या बरण्या टोपलीत भुसा घालून घेऊन या म्हणून. ते येईपर्यंत इंदुमतीबाईंनी सगळ्यांना गूळपाणी दिलं. पेंढारकरांनी दोनदा घेतलं.

टोपली जीपमध्ये ठेवून निघायची वेळ झाली. पेंढारकर पुढे चढत होते, रज्जाकभाई मागची कडी लावत होते, ड्रायव्हर काच पुसत होता. एवढ्यात दारातून खणखणीत आवाज आला.

"अहो!"

तिघंही एकदम वळले. समोरच्या घरातून एक गृहस्थ दाढीचा साबण तसाच गालाला घेऊन बाहेर आले.

"तुम्ही नव्हे हो," इंदुमतीबाई हसून म्हणाल्या. "पोचते का बघत होते."

मग त्या आत वळल्या. मधलं घर ओलांडून परसदारी गेल्या. तिथे मोडका ऐरणीचा ठोकळा होता आणि त्यावर तुळशीची कुंडी. कुमुदिनीला त्या उंबऱ्यातून पाठमोऱ्या दिसत होत्या. त्यांनी पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा हळू, आणि हात पदराला पुसत थांबल्या.

परसातून कुणी ओ दिली नाही.

रज्जाकभाईंनी कुमुदिनीच्या हातातल्या रिकाम्या बरणीकडे पाहिलं. नियमाप्रमाणे हाक ओ न मिळालेली होती, संग्रहालयाचा माणूस दारात होता आणि बरणीही हाताशी होती.

कुमुदिनीनं बरणी टोपलीत पालथी घातली, जीपमध्ये बसली आणि ड्रायव्हरला सोपान गवंडीचा पत्ता सांगितला.