मनकर्णाची सुट्टी

मनकर्णाला सोलरच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं 'हो' म्हटलं ते मीच. आमच्या जंगलातल्या गावात विजेचे खांब अजून पोचले नव्हते. एका संस्थेनं घरोघरी सोलरची पाटी अन् बॅटरी देऊ केली होती, आणि ती बसवायला, दुरुस्त करायला बायाच शिकणार होत्या.

"खुशाल जाय," मी बायकोला म्हणालो. "मले काय होते?"

(काय होतं ते पहिल्याच दिवशीच्या वरणानं सांगितलं. मीठ दोनदा पडलं होतं.)

मनकर्णा शिकली. इतकी चांगली शिकली की नव्या बायांना शिकवायला तिला तिथंच ठेवून घेतलं. जो तो म्हणे, "सोमाजी, नशीबवान हायेस लेका!" मी मान हलवायचो अन् घरी येऊन करपलेला भात खरवडायचो. एवढ्या ऐटीत पाठवल्यावर 'परत ये' कोणत्या तोंडानं सांगणार?

शेवटी डोकं चालवलं. घरच्या बॅटरीचा स्क्रू पेचकसानं फिरवून एक वायर सोडली आणि बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, "मनकर्णाले सांगजा, घरची लाईट गेली." दुसऱ्या दिवशी तलावावरून तिच्या आवडीचे मासे आणले, रस्सा केला, अंगणसुद्धा झाडलं.

कंडक्टरनं तिकडे सांगितलं, "सोमाजीच्या गावची लाईट गेली!"

दुपारी दारात जीप थांबली. मागे नव्या बॅटऱ्यांचा ढीग, आणि पुढून उतरली कमळाबाई, मनकर्णाच्या जोडीनं शिकवणारी. अख्खं गाव अंगणात जमलं. तिनं बॅटरीजवळ वाकून पाहिलं.

"भाऊ, वायर सुटली हाय."

"उंदीर असन, बाई."

"पेचकस घेऊन आलता काय उंदीर?"

गाव हसलं. मी हळूच विचारलं, "मनकर्णा काऊन नाई आली?"

"थे तं आज सुट्टीवर घरी याले निघालीच होती. पिशवी भरून तयार. पन अख्ख्या गावाची लाईट गेली म्हनून मोठ्या कामाले साहेबानं मले धाडलं, अन् माहा वर्ग तिच्या गळ्यात पडला. आता थे मार्कंड्याच्या जत्रेनंतरच येईन."

ती आपल्या पायानं येत होती, अन् मी तिची वाट अडवली होती.

रस्सा कमळाबाई अन् जीपवाल्यानं संपवला. मग तिनं पिशवीतून डबा काढला. "घरी काय शिजलं असन देव जाने, म्हनून मनकर्णानं मले बांधून देलता. थो तुमी खा."

अंबाडीची भाजी होती. पहिल्याच घासाला डोळे भरून आले. मी मान खाली घातली, तरी कमळाबाईला दिसलंच.

"लयच तिखट लागली काय, भाऊ?" तिनं पाण्याचा गडवा पुढे सरकवला. "मी सांगीन मनकर्णाले. तुह्या हातचं तुह्या नवऱ्याले सोसत नाई, घरी जायाची घाई नोको करू म्हनीन."