दाब देऊन पाहिलेला बॅकअप

ज्या प्रोग्रामने बॅकअप घेतला, त्यानेच "बॅकअप ठीक आहे" असं सांगावं, ही गोष्ट निरीक्षकांच्या काही केल्या पचनी पडत नव्हती. उभा जन्म त्यांनी कारखान्यांचे बॉयलर तपासण्यात घालवला होता. बनवणारा "एकदम मजबूत आहे, साहेब" म्हणाला, की ते मान डोलवत आणि मग पाणी भरून, दाब चढवून त्या बॉयलरला रडकुंडीला आणत. निवृत्तीनंतर बॉयलर गेले, सवय राहिली. घरातला प्रेशर कुकर त्यांनी एकदाच तपासला. तेव्हापासून स्वयंपाकघरात त्यांना चहापुरताच प्रवेश होता. राहता राहिला कॉम्प्युटर.

बॅकअपचं खूळ जावयाचं. "बाबा, ही डिस्क इमेज. कॉम्प्युटरमध्ये जे जे आहे ते सगळं जसंच्या तसं हिच्यात. उद्या कॉम्प्युटर बसला, तर ही परत चढवायची, की आज आहे तसाच्या तसा उभा." एका छोट्या डिस्कवर इमेज घेऊन, तपासणीचं बटण दाबून, हिरवी खूण दाखवून जावई आपल्या घरी गेला. त्याला आता महिना होत आला होता.

त्या हिरव्या खुणेने निरीक्षकांना चैन पडू दिलं नाही. कारण कॉम्प्युटरमध्ये त्यांचं पुस्तक होतं. 'वाफेच्या सहवासात' हे नाव ठरलं होतं, अर्पणपत्रिका लिहून तयार होती आणि मजकूर चौथ्या प्रकरणात अडकला होता. सध्या चिंतन चालू होतं. चिंतन आरामखुर्चीत होत असल्यामुळे दुपारी कॉम्प्युटर बायकोला मिळायचा. बायको भाषेची निवृत्त शिक्षिका. अलीकडे रोज जेवणं आटोपली की ती दार लोटून टाइप करत बसायची. विचारलं तर "आहे थोडं काम" एवढंच म्हणायची. तिच्या कपाटासारखंच तिच्या फोल्डरलाही निरीक्षक हात लावत नसत. पण लिहिता लिहिता ती स्वतःशी हसते, हे त्यांनी दाराच्या फटीतून पाहिलं होतं. तिला इतकं गुंगलेलं त्यांनी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरकडे गेली आणि निरीक्षकांना रान मोकळं मिळालं. त्यांनी जावयाला फोन करून बेत सांगितला.

"बाबा, जुनी इमेज चढवलीत तर महिन्याभरात केलेलं सगळं पुसलं जाईल."

"तेवढं कळतं हो मला. आधी आजची इमेज घेतो. मग जुनी चढवून बघतो. आणि शेवटी आजची परत बसवतो."

"पण कशासाठी? हिरवी खूण आलीये ना?"

"दाब दिल्याशिवाय सर्टिफिकेट नाही," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

आजची इमेज घ्यायला कॉम्प्युटरने बराच वेळ खाल्ला. शेवटी एकदाचं "पूर्ण झाले" आलं. तपासून पाहायचं का, असं प्रोग्रामने अदबीने विचारलं. पण त्याला आणखी तेवढाच वेळ लागणार होता, आणि बायको काही दिवसभर डॉक्टरकडे बसणार नव्हती. शिवाय ज्या तपासणीवर आपला विश्वासच नाही, ती करायची कशाला? निरीक्षकांनी "नको" दाबलं.

जुनी इमेज झकास चढली. कॉम्प्युटर सुरू झाला, सगळं जागच्या जागी दिसलं. निरीक्षकांनी हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती एक चक्कर मारली आणि कॉम्प्युटरला मनातल्या मनात पास केलं. मग आजची इमेज परत बसवायला घेतली, तर पडद्यावर लाल अक्षरं आली: फाइल सदोष आहे, वाचता येत नाही.

त्यांनी वायर काढून परत घातली. डिस्क रुमालाने पुसली. तिच्यावर हळूच फुंकरही घातली. अक्षरं लालच राहिली. पुन्हा जावई.

"तपासली होतीत ना, बाबा?"

"तीच तर तपासत होतो."

"जुनी नाही, आजची. वायर सैल असली तरी इमेज खराब होते. म्हणून तर ते बटण दिलेलं असतं." मग जावयाने विचारलं, "आईंचं काही होतं का हो त्यात?"

निरीक्षकांच्या तोंडचं पाणी पळालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी बायकोचं फोल्डर उघडलं. जुने फोटो होते, विजेची बिलं होती. महिनाभर दार लोटून जे लिहिलं, त्यातलं अक्षरही नव्हतं. त्यांचं पुस्तक मात्र चौथ्या प्रकरणासकट ठणठणीत होतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. आपलं ते शाबूत ठेवून आपण तिचं घालवलं. त्यांना खरोखर फार वाईट वाटलं.

बायको परतली तेव्हा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या झाल्या होत्या, कुंड्यांना पाणी घातलेलं होतं आणि टेबलावर चहा झाकून ठेवला होता. तिने हे सगळं एका नजरेत पाहिलं.

"काय मोडलंत?" बधिर झालेल्या गालामुळे ती अर्ध्याच तोंडाने बोलत होती.

निरीक्षकांनी सगळं सांगून टाकलं. ती मटकन खाली बसली.

"सगळं गेलं?"

"महिन्याभरातलं सगळं. माझं चुकलं गं."

ती उठून कॉम्प्युटरकडे गेली. पण तिने आपलं फोल्डर उघडलंच नाही. उघडलं ते 'वाफेच्या सहवासात'. मग तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तिचे खांदे हलू लागले. निरीक्षक घाबरून पाण्याचा पेला घेऊन आले, तर बाई अर्ध्या तोंडाने हसत होत्या.

"हे परत आलं होय?"

"परत आलं म्हणजे? गेलं कधी होतं?"

"जावई गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी. जागा होईना म्हणून मी फोटो काढून टाकत होते, त्यात तुमचं फोल्डर उडालं. वर कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली."

निरीक्षकांनी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. "मग रोज दुपारी तू..."

"मला वाचायला छापून दिलं होतंत ना? ते बघून परत टाइप करत होते."

"अगं, पण बॅकअप होता की घरात."

"तो चढवायला तुम्हालाच सांगावं लागलं असतं. मग बसली असती माझी चौकशी."

हे खोटं नव्हतं. निरीक्षकांचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे कुणाचंच काही गेलं नाही," ते म्हणाले, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "थांब. महिनाभर माझं पुस्तक कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच?"

"नव्हतं. आज उघडाल, उद्या उघडाल, म्हणून मी रोज धसका घेऊन बसायचे."

निरीक्षकांनी आरामखुर्चीकडे पाहायचं टाळलं. "कुठवर झालं होतं तुझं?"

"संपलं होतं."

"संपलं? ते तर चौथ्यात अडकलंय."

"टाइप करता करता वाक्यं बदलत गेले. मग तुम्ही जेवताना सांगता ते किस्से घातले. साबणाच्या कारखान्याचा तो मालक, तुम्हाला बघून पोत्यांमागे लपलेला. काल शेवटचं प्रकरण झालं."

"कसं झालं होतं?"

विद्यार्थ्यालासुद्धा तिने कधी फुकटचे गुण दिले नव्हते.

"चांगलं झालं होतं हो," ती म्हणाली, आणि आता मात्र तिचा आवाज जरा कापला.

निरीक्षक तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. पडद्यावर त्यांचं पुस्तक होतं, काना-मात्रेचाही फरक न पडता परत आलेलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी ते पहिल्यापासून वाचायला घेतलं. अर्पणपत्रिका झाली, प्रस्तावना झाली, बॉयलरच्या व्याख्या सुरू झाल्या. पहिलं पान संपायच्या आत त्यांना जांभई आली. त्यांनी ती दाबून पाहिली, पण ती दबण्यातली नव्हती.

"आता कळलं," बायको म्हणाली, "मी वाक्यं का बदलत गेले ते?"