राबाची सलामी

मी एसटीचा ड्रायव्हर. म्हणजे होतो, आता निवृत्त आहे. भोरहून निघालेली गाडी वरंधा घाटातून इतकी वर्षं नेली-आणली, की घाटातली माकडंसुद्धा माझा हॉर्न ओळखायची! समोरून ट्रक आला आणि मध्ये हातभर जागा उरली, तरी आनंदरावाच्या कपाळावर घाम दिसायचा नाही. हे मी म्हणत नाही, माझा कंडक्टर मौलाली म्हणतो. मी फक्त चारचौघांत त्याला म्हणायला लावतो.

अशा या वाघाची एक गोष्ट मात्र फक्त बायकोला, रतनला, ठाऊक होती. आमची मुलगी शेफाली हवाई दलात आहे. नुसती आहे असं नाही, आकाशात कसरती करणाऱ्या पथकात जेट विमान चालवते. नऊ विमानं पंखाला पंख लावून, मागे रंगीत धूर सोडत, उलटीसुलटी होत जातात आणि खाली लोक टाळ्या पिटतात. तिचा पहिला खेळ बघायला आम्हाला खास बोलावणं होतं. विमानांचा आवाज आला तसे मी डोळे मिटले, ते टाळ्या थांबल्यावर उघडले. घाटात स्टिअरिंग माझ्या हातात असायचं हो! इथं पोरगी उलटी लटकलेली आणि बापानं खाली बसून नुसतं बघायचं! गावात परतल्यावर मी त्या खेळाचं रसभरीत वर्णन केलं. ते सगळं एसटीत रतनकडून ऐकलेलं.

रतनच्या पोटात तीळ भिजत नाही. तिनं ते पोरीला सांगून टाकलं.

मग गेल्या चैत्रात शेफालीचा फोन आला. पुण्यात मोठा खेळ होता. त्याच्या आदल्या दिवशी सराव, आणि विमानं वळणार थेट आमच्या हिर्डोशीच्या डोंगरावरून!

"आबा, उद्या न्याहारीच्या टायमाला अंगणात उभं ऱ्हावा," ती म्हणाली. "आन् ह्या बारीला डोळं उघडं ठेवा. म्या तुमच्यासाठी उडत्ये, आन् तुमीच बगत न्हाई."

मी शब्द दिला. फोन ठेवला आणि तांब्याभर पाणी प्यायलो.

भीती वाटली की माणूस जास्त बोलतो. त्या संध्याकाळी देवळापुढे मी जाहीर करून टाकलं की उद्या आमची शेफाली गावाला सलामी देणार. शेजारचा गेनबा मोठा शंकेखोर. एवढ्या वेगात पोरीला गाव ओळखू येणार कसं, म्हणाला, वरून सगळे डोंगर सारखेच. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आपुन राब पेटवू!"

राब म्हणजे काय ते भातवाल्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो. पावसाच्या आधी, जिथं रोपं टाकायची त्या तुकड्यावर शेण, टहाळ, पालापाचोळा रचायचा, वर माती टाकायची आणि ते भाजून काढायचं. जो तो आपला राब आपल्या सवडीनं, वारा बघून भाजतो. सगळ्या गावानं एकाच वेळी पेटवल्याचं माझ्या आज्यानंही ऐकलं नसेल. पण लोकांना कल्पना भलतीच आवडली! तिनं वरून धूर सोडायचा, आपण खालून. राब रचून तयारच होते, नाहीतरी भाजायचेच होते.

सकाळी पहिला राब मी पेटवला, देवळामागच्या वावरातला. मग गेनबाचा, मग पलीकडच्या आळीचा. बघता बघता सारं खोरं धुपारतीला बसल्यासारखं दिसायला लागलं. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो. छाती अशी फुगली होती की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

तेवढ्यात पहिल्या एसटीनं मौलाली आला. भोरहून मुद्दाम आला होता, नवा सदरा घालून. त्यानं खोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"डायवर," तो म्हणाला, "घाटात धुकं आलं की आपुन काय करायचो?"

"गाडी बाजूला घ्यायचो."

"मंग पोरीनं कुठं घ्यायची?"

माझी पाचावर धारण बसली. नऊ विमानं, पंखाला पंख, वळणार डोंगराला घसटून, आणि मी त्यांच्या वाटेत सगळ्या गावाचा धूर उभा केलेला! सख्ख्या बापानं!

मी धावत सुटलो. वय विसरलो, गुडघा विसरलो, एक वहाण बांधावर राहिली तीही विसरलो. विझवा, विझवा, म्हणून ओरडत प्रत्येक वावरात गेलो. पण राब विझत नसतो! तो विझू नये म्हणूनच तर पिढ्यान् पिढ्या माणसं मातीखाली दडपून भाजत आली. बायकांनी हंडे आणले, ओढ्यातून कळशा भरून आणल्या. पाणी पडलं तसा राब फुस्स करून फुगला आणि आधीच्या दुप्पट पांढरा धूर ओकायला लागला. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी त्या दिवशी पायाला चटके बसून अनुभवलं.

रतन हंडा घेऊन माझ्यासमोर आली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "अवो, तिला दिसंल ना?"

आणि आवाज आला.

आधी डोंगराच्या पलीकडून गुरगुर, मग एकदम डोक्यावर आभाळ फाटल्यासारखा. गोठ्यातली गुरं दावी तोडायला लागली. मी डोळे उघडे ठेवले. शप्पथ सांगतो, आयुष्यात एवढे ताणून कधी उघडले नव्हते! वर नुसता पांढरा धूर. पंख नाही, शेपूट नाही, काही नाही. आवाज या डोंगरावरून त्या डोंगरावर गेला आणि संपला. आठ गेली की नऊ, कोण सांगणार?

हिर्डोशीत मोबाईलला रेंज म्हणजे नशिबाचा खेळ. शेफालीचा फोन लागेना. मौलाली खिंडीपर्यंत जाऊन आला, तरी लागेना. गेनबा म्हणाला, काही झालं असतं तर मोठा आवाज आला असता. त्यानं ते धीर द्यायला म्हटलं होतं, पण त्यानंतर मी प्रत्येक आवाजाला दचकायला लागलो. दार वाजलं तरी अंगणात धावायचो. देवाला म्हटलं, माझं बोलणं, बढाया, सगळं घे, पण पोरगी खाली उतरव. रतन उंबऱ्यावर बसून होती. चुलीवरचा चहा उतू गेला तरी उठली नाही.

ऊन चढल्यावर वनखात्याची जीप आली. वनरक्षक इंद्रजित, अगदी तरणा पोरगा, घामाघूम होऊन उतरला.

"वणवा कुठं लागलाय?" त्यानं विचारलं.

वणवा नव्हे, राब आहे, असं गेनबानं सांगितलं. कुणी कळवलं, म्हणून मौलालीनं विचारलं.

"वरनं खबर आली. पुण्यात इमानं उतरली, त्यातल्या एका बाईंनी फोन लावला. पार ठिकाणा सांगितला त्यांनी. देवळाच्या मागं, वड्याच्या अल्याड, आंब्याच्या बुडाचं वावर, तिथनंच आग सुरू झालिया म्हनाल्या."

"उतरल्या?" मी त्याचा दंड धरला. "नवाच्या नऊ? धड हायेत?"

"धड हायेत म्हंजी काय! माणसं भाजतील म्हणून मला लई झापलं त्यांनी."

रतन उंबऱ्यावरच रडायला लागली. मी त्या पोराला मिठी मारली, तशीच मौलालीला मारली, गेनबालाही मारली. मग साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ती माझी पोरगी! एवढ्या धुरात, एवढ्या वेगात, बापाचं वावर बरोब्बर वळखलं तिनं!"

इंद्रजितनं सदरा नीट केला आणि खिशातून पेन आणि दंडाचं पावतीपुस्तक काढलं.

"म्हंजी ते वावर तुमचं."

आता पोरीची नजर खोटी कशी पाडणार? मी म्हटलं, "व्हय, माझंच."