पाटावरची निळी वायर

एका जंगलात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी दहा वाजून सतरा मिनिटांनी दवाखान्यातले तिन्ही कॉम्प्युटर चालू झाले. तिन्हींवर एकच ओळ आली, ‘सर्व्हर सापडत नाही.’

बाळांनो, रांगेत पहिली होती मंजुळा सशीण. कडेवर तिचं पिल्लू, टिपरी. शेजारच्या बिळात गोवर निघाला होता, म्हणून मंजुळाला घास गोड लागत नव्हता. गोवराच्या लशीचा डोस बर्फाच्या डब्यात होता. बर्फ टिकणार बारापर्यंत.

“द्या ना हो डोस!”

“नाव सर्व्हरमध्ये दिसल्याशिवाय नाही,” कासव क्लार्क म्हणाला. “उद्या टिपरी आलीच नव्हती असं निघालं तर?”

“अहो, ही काय समोर! तुमचा चष्मा चघळतेय!”

“मला दिसतेय हो. सर्व्हरला कुठं दिसतेय?”

मग मशीनवाले माकडभाऊ आले. त्यांनी कॉम्प्युटर बंद केले, चालू केले. माउसला फुंकर मारली. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला ‘राम राम’ पाठवला, तो पोचला!

“म्हणजे हे तिघं शहाणे आहेत,” माकडभाऊ म्हणाले. “खोट सर्व्हरकडे आहे.”

सगळी वरात सर्व्हरच्या खोलीत. पुढे दवाखान्याचे मुख्य अस्वलसाहेब, मागे कासव आणि मंजुळा. साडेअकरा झाले होते.

सर्व्हरला झेंडूचा हार होता. हिरवा दिवा लुकलुकत होता.

“जिवंत आहे!” माकडभाऊ ओरडले. सगळ्यांनी हात जोडले.

“मग बोलत का नाही?” मंजुळानं विचारलं.

“रुसला असेल. समिती नेमू,” अस्वलसाहेब म्हणाले.

मंजुळाचं लक्ष मात्र खाली. टिपरी दिसेल ते तोंडात घालते ना! घरात ती आधी वायरी बघते, मग पिल्लू खाली ठेवते. इथं सर्व्हरखाली पाट होता. पाटावर निळी वायर, गोल गुंडाळलेली, वर हळदकुंकू.

“साहेब, ही कशाची?”

“हात लावू नकोस! खंडेनवमीला हत्याराला विसावा द्यायचा असतो. मी स्वतः काढून पूजेला मांडलीय.”

“आणि उठवायची कधी?”

साहेब आठवू लागले. मंजुळानं घड्याळ पाहिलं. टिपरीला कासवाच्या पाठीवर बसवलं, वायर उचलली आणि सर्व्हरच्या भोकात खुपसली. टक्!

“दिसली! टिपरी दिसली!” बाहेर कॉम्प्युटरपाशी थांबलेल्या रांगेतून आरोळी आली. कासवसुद्धा धावला. बाराला पाच कमी असताना सुई टोचली आणि टिपरीनं असं भोकाड पसरलं, की मंजुळा हसत हसत रडली.

संध्याकाळी फळ्यावर लागलं, ‘साहेबांच्या मार्गदर्शनामुळे सर्व्हर सुरू. यापुढे आयांना आत येण्यास मनाई.’

तात्पर्य : बाळांनो, वायर कधीही आधी बघू नये. ती लगेच सापडते, आणि मग मोठ्यांनी दिवसभर करायचं काय?

आणि तुमच्या आईला एवढं सांगा, तिला म्हणावं रांगेतल्या मागच्या बाईलाही सांग : डोस चुकवू नकोस, आणि दसऱ्यानंतर गेलीस तर आधी पाटाखाली-पाटावर बघ गं.