हरल्यावर गूळ वाटणारे साळोखे

जिंकल्यावर पेढे वाटणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. हरल्यावर गूळ वाटणारा माणूस मात्र एकच, आमच्या सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या ब्लॉकमध्ये वरच्या मजल्यावर राहणारे दिनकरराव साळोखे. रविवारी सकाळी आठ-सव्वाआठला बेल वाजली की आमची ऋचा अंथरुणातूनच इथल्या इंग्रजीत ओरडायची, "पपा, अंकल्स टीम लॉस्ट अगेन, लाह." दार उघडावं तर समोर गुळाच्या रंगाची जर्सी घातलेले साळोखे आणि त्यांच्या तळहातावर कोल्हापुरी गुळाचा खडा.

"घे मर्दा. दोन-शून्य. पण काय खेळली पोरं!"

ही पोरं ब्राझीलची. तिकडच्या शनिवारी संध्याकाळी खेळायची, तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडलेला असायचा. उसाच्या पट्ट्यातल्या एका लहानशा गावाचा हा क्लब. त्याचं लांबलचक पोर्तुगीज नाव साळोखे कधी घेत नाहीत. "आपलं मंडळ" म्हणतात. सामन्याचं धावतं वर्णन गावच्या रेडिओवरून इंटरनेटवर यायचं, ते तीन वर्षं ऐकत होते. पोर्तुगीज अजून एक अक्षर येत नाही. मी पुण्याचा असल्यामुळे एकदा विचारलंच, "मग कळतं काय तुम्हाला?"

"कीर्तन कळायला संस्कृत यावं लागतं होय?"

साळोखे नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात एमआरआयसारखी यंत्रं दुरुस्त करतात. तिथे यंत्र बसवायला आलेल्या एका ब्राझीलियन इंजिनिअरने त्यांना हे वेड लावलं. जेवताना त्याने आपल्या गावच्या क्लबाची कथा सांगितली. साखर कारखान्याच्या मालकांचा एक क्लब होता, त्यात मजुरांना फक्त गवत कापायला आत घेत. म्हणून मजुरांनी आपला क्लब काढला. सामन्याच्या दिवशी मैदानात गूळ वाटायचे. मोठ्या शहरांतले लोक "गूळखाऊ आले" म्हणून चिडवायचे, तर ह्यांनी तेच नाव छातीवर मिरवलं. कोल्हापूरच्या माणसाला एवढं पुरे झालं. साळोख्यांनी दुसऱ्या दिवशी वर्गणी भरली. तो पोर्तुगीज फॉर्म फोनवर भाषांतर करून मीच भरून दिला आणि खातंही माझ्याच फोनवर उघडलं, कारण साळोख्यांना पासवर्ड या प्रकाराचाच राग आहे.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी विचारलं, की अहो, चांगली जिंकणारी टीम धरा की एखादी, तर म्हणायचे, "घर बदलावं, नोकरी बदलावी, पासपोर्टसुद्धा बदलावा. मंडळ बदलू नये." हे आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की मराठी मंडळींच्या गणपतीत लोक त्यांच्याआधीच ते म्हणून टाकायचे. साळोखेही हसायचे.

गेल्या वर्षी क्लबाकडून सभासदांना पत्र आलं. खेळाडू पुरेनात, कारखानाही बंद पडलेला. तेव्हा नदीपलीकडच्या क्लबात विलीन व्हायचं का, यावर मत द्या. विलीन झालं तर नाव जाणार, रंग जाणार. आणि नदीपलीकडचे म्हणजे जन्माचे वैरी. मी ते भाषांतर करून वाचून दाखवलं. साळोखे "बघू," एवढंच म्हणाले. आठवडाभर जिन्यात भेटले तरी तेच, बघू. मला वाटलं, माणूस संतापला आहे.

मुदत तिकडच्या शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत, म्हणजे आपल्याकडे शनिवारी सकाळी अकरापर्यंत होती. त्या दिवशी पहाटेच हॉस्पिटलातून फोन आला, यंत्र बंद पडलंय म्हणून, आणि साळोखे गेले. एमआरआयच्या खोलीत फोन नेता येत नाही. मी साडेदहापासून तीनदा फोन लावला. अकराला पाच मिनिटं उरली तेव्हा मी खातं उघडलं. या माणसाचं मत काय असणार, हे काय विचारायचं? टॅम्पिनीसमधल्या कुठल्याही मराठी माणसाने सांगितलं असतं. मी 'नाही'वर बोट ठेवलं आणि फार मोठं शेजारधर्माचं काम केल्यासारखा चहा टाकला.

दुपारी एकला साळोखे एमआरटी मेट्रोतून उतरून थेट माझ्याकडे आले. बूटही न काढता दारातच म्हणाले, "ते पान उघड मर्दा. होय म्हणून टाकू."

"होय?"

"एक होऊ देत की. तिकडं अजून शुक्रवारच असंल न्हवं?"

"मुदत संपली," मी म्हणालो. एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य जिभेवर होतं, पण तेवढ्यात ते खाली बसले आणि बोलायला लागले.

कोल्हापुरात तालमी नुसत्या कुस्त्या खेळत नाहीत, फुटबॉलचे संघही पोसतात. साळोखे चोविसाव्या वर्षी आपल्या तालमीच्या संघाचे कप्तान होते. पोरं कमी पडायला लागली तेव्हा शेजारच्या तालमीने निरोप धाडला, एकत्र खेळू. बैठक बसली. बरेच जण तयार होते. मग साळोखे उठले आणि असं बोलले, की म्हातारी माणसंही रडली. मंडळ बदलू नये, हे वाक्य त्या बैठकीतलं. बोलणी मोडली. वर्षभरात संघही मोडला.

"रंगा म्हणून होता आमचा. असला फॉरवर्ड पुन्हा झाला नाही बघ. त्यांच्याकडनं खेळला असता तर कुठल्या कुठं गेला असता. माझ्या शब्दाखातर बूट खुंटीला लावलं त्यानं. परत कधी पायात घातलं न्हाईत." मग म्हणाले, "मला एका शब्दानं बोलला नाही कधी. बोलला असता तर बरं झालं असतं."

तीन वर्षं मी या माणसाच्या हट्टाला हसत होतो. तो हट्ट नव्हता, रोज आपल्यालाच वाचून दाखवलेली शिक्षा होती. आणि मी ते वाक्य त्यांचं मत मानून चाललो.

निकाल लागला. विलीनीकरण फेटाळलं. पुढच्या मोसमात क्लबाने लीगमध्ये नावच दिलं नाही, अकरा माणसं जमली नाहीत. ती बातमी मी साळोख्यांना खालच्या हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत वाचून दाखवली. त्यांच्या नावावरचं 'नाही' मी दिलं, हे सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बशीत कोपी, म्हणजे इथली कॉफी, ओतून फुंकर घातली.

"तिकडंबी माझ्यासारखी खुळी लई असणार," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पण एक बरं झालं बघ. ह्या खेपेला माझ्या हातनं नाही झालं."

त्यांचा चेहरा इतका हलका मी त्याआधी पाहिला नव्हता.

"खरं आहे," मी म्हणालो.