म्हादूभाऊंचे एकवीस किलोमीटर

म्हादूभाऊ तुमच्या घरी आले तर आधी तुमच्या खुर्चीची तब्येत बघतात, मग तुमची. खुर्ची डुगडुगत असेल तर खिशातून छोटी हातोडी निघते, पायावर दोन ठोके बसतात आणि मगच भाऊ टेकतात. वर विचारतात, "काय मास्तर, समदं टाइट हाय न्हवं?"

टाइट म्हणजे बरं. आजारी माणूस त्यांच्या भाषेत 'ढिला' असतो, आणि ज्याचं लग्न जमत नाही त्याचाही कुठला तरी नट ढिला असतो. माझ्या पुतणीच्या लग्नात अक्षता पडत होत्या तेव्हा हे गृहस्थ मांडवाच्या खांबाचा बोल्ट आवळत होते. व्याह्यांनी मला विचारलं, "मांडववाले तुमच्या ओळखीचे का?" मी हो म्हणून टाकलं. काय करणार, शेजारी आपले.

मूळचे टाकवे बुद्रुकचे. रेल्वेत चौतीस वर्षं काढली, आधी रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये आणि नंतर कीमन म्हणून. कीमन म्हणजे रोज पहाटे रुळावरून पायी जायचं, रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या बघायच्या, सैल दिसली की हातोड्यानं ठोकायची. या नोकरीनं त्यांना दोन सवयी कायमच्या लावल्या. एक, त्यांचं पाऊल रुळाखालच्या दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढंच पडतं, एक बोट कमी नाही की जास्त नाही. दुसरी, चालता चालता मान मागे वळते. कामशेतच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी घेऊन चालले असले तरी वळते. मी एकदा म्हटलं, "भाऊ, इथं कुठली गाडी येणार?" तर म्हणाले, "गाडी सांगून येत न्हाई, मास्तर."

कामशेतलाच रुळाच्या कडेला त्यांच्या दोन खोल्या आहेत आणि भिंतीला भिंत लागून माझं घर. मावशी, म्हणजे त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा शरद नवलाख उंब्र्याच्या कारखान्यात आहे, राहायला रावेतला. दर रविवारी तो बायकोला आणि लेकीला, छोट्या ओवीला, घेऊन यायचा. जेवणं झाली की भिंतीपलीकडे एकच संवाद सुरू व्हायचा.

"आबा, चला आता आमच्याकडे."

"तितं गाडीचा आवाज न्हाई. मला झोप लागायची न्हाई."

"मोबाइलवर लावून देतो आवाज."

"मंग मोबाइलच न्हे घरी, मला कशाला न्हेतो?"

दोन वर्षं हे असं चाललं. कुणी वाक्य विसरलं असतं तर मी भिंतीअलीकडून आठवण करून दिली असती.

एका रविवारी मात्र शरद जरा चुकलाच. "आबा, तुम्ही आता थकलात," म्हणाला. नेमका मी ताक मागायला गेलो होतो. भाऊ उठून उभे राहिले. "कोन थकलं?"

वातावरण हलकं करावं म्हणून मी मध्येच बोललो, आणि तिथंच माझी बुद्धी शेण खायला गेली. मला साखरेचा त्रास आहे. डॉक्टर म्हणाले होते 'चाला', आणि शाळेतल्या सहकाऱ्यांच्या नादी लागून मी लोणावळ्याच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत नाव देऊन बसलो होतो. तेवढं सांगितलं.

भाऊ म्हणाले, "माझं बी घाला."

शरद हसला. "तीन तासांत आलात तर आयुष्यात परत 'चला' म्हणणार नाही. नाही जमलं तर सामान बांधायचं."

"ठरलं," भाऊ म्हणाले. पलीकडून एक मालगाडी गेली आणि भाऊंनी मान वळवून ती शेवटच्या डब्यापर्यंत बघितली.

दोन महिने आम्ही जुन्या हायवेवर सराव केला. भाऊ माझ्या शेजारून कधी पळाले नाहीत, कायम पुढे नाहीतर मागे. रुळावर एकामागे एक चालायची सवय, त्यामुळे दोघांनी जोडीनं चालणं त्यांना बेकायदेशीर वाटतं. मी दोन हजारांचे बूट घेतले. भाऊंनी ते दाबून बघितले आणि म्हणाले, "ह्ये बूट न्हाईत, गाद्या हायेत. ह्याच्यात खालचं कळायचं कसं?" ते स्वतः कॅनव्हासच्या बुटांत पळाले. चढ असो, उतार असो, पाऊल तेवढंच. चढावर ते मला मागे टाकायचे. उतारावर मी त्यांना गाठायचो आणि तेवढ्यापुरता मला अभिमान वाटायचा.

शर्यतीच्या दिवशी लोणावळ्यात ही थंडी होती. आयोजकांनी दिलेला बनियन माझ्या पोटावर बसेना म्हणून मी शाळेचा पोपटी टी-शर्ट घातला होता. छातीवर नंबर लावून घेताना भाऊंनी चारही टाचण्या स्वतः तपासल्या, शेजारच्या तिघांच्याही तपासल्या. शरद, सूनबाई आणि ओवी शेवटच्या रेषेपाशी थांबणार होते.

भुशी धरणाच्या पुढचा चढ लागला आणि पुण्यामुंबईची ती चकचकीत मंडळी हळूहळू चालायला लागली. भाऊ त्यांच्यामधून टुकूटुकू पुढे गेले. जाताना एकाला म्हणाले, "पट्टा सुटलाय तुमचा, आवळा." परतीच्या उतारावर तीच मंडळी त्यांना मागे टाकून गेली. भाऊंना त्याचं काही नव्हतं. अठरा किलोमीटर झाले तेव्हा दोन तास अठ्ठावीस मिनिटं झाली होती. तीन किलोमीटर आणि बत्तीस मिनिटं. मी मनात म्हटलं, म्हातारा जिंकला.

आणि पुढच्या चौकात एक बाई लाल झेंडा घेऊन उभ्या होत्या.

झेंडा गाड्यांसाठी होता. पळणाऱ्यांना वाट मिळावी म्हणून त्या मोटारी अडवत होत्या. भाऊंनी तो बघितला आणि जागच्या जागी थांबले. मी मागून येऊन धडकता धडकता राहिलो.

बाई म्हणाल्या, "आजोबा, पळा ना. हा तुमच्यासाठी नाहीये."

"लाल समद्यांना सारकाच असतो, बाई."

"मग मी काय करू?"

"खाली घ्या."

"खाली घेतला तर गाड्या येतील."

"मंग ऱ्हाऊ द्या वर. मी थांबतो."

मी घड्याळ दाखवलं, हात जोडले, शेवटी चिडलो. म्हटलं, "भाऊ, हरलात तर सामान बांधायचं ठरलंय शरदशी, विसरलात काय?" त्यांचा चेहरा एवढासा झाला होता. त्यांना सगळं कळत होतं. पण पाय हलेनात. "चौतीस वर्सांत एकदा बी लाल वलांडला न्हाई, मास्तर," म्हणाले. "त्यावरच जीव वाचलाय आमचा."

चार मिनिटं गेली. मग मला जे सुचलं ते माझ्या विद्यार्थ्यांनी बघितलं नाही हे माझं नशीब. मी अंगातला टी-शर्ट काढला, चौकाच्या पलीकडे जाऊन उघडा उभा राहिलो आणि तो हलवायला लागलो. गाड्यांमधून लोक मोबाइल बाहेर काढत होते.

भाऊंनी शर्ट निरखून बघितला. "पोपटी हाय."

"पोपटी हिरव्यातच धरतात," मी म्हटलं. "निघा."

थोडा विचार करून भाऊ निघाले. शेवटची रेषा ओलांडली तेव्हा दोन तास अठ्ठावन्न मिनिटं झाली होती. मागोमाग मी, शर्ट हातातच.

शरदनं शब्द पाळला. वाकून पाया पडला आणि म्हणाला, "आबा, मानलं. आता परत विषय काढणार नाही. राहा निवांत." सूनबाईंनाही हायसं वाटलं होतं. चांगली मुलगी आहे ती, मनात काही नव्हतं तिच्या. सहज म्हणाली, "बरं झालं. ओवीला आता रविवारच्या स्केटिंगला घालता येईल. कधीची मागे लागलीय." भाऊ ओवीच्या गळ्यात पदक घालत होते. "व्हय, व्हय. घाला की," म्हणाले.

पुढच्या रविवारी भाऊंनी कोंबडी आणली होती. दुपारी दोन वाजता मोठं पातेलं घेऊन माझ्याकडे आले. "जास्त झालं," म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी परत जास्त झालं. मी आणि माझ्या बायकोनं मुकाट्यानं खाल्लं. विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही.

तिसऱ्या शनिवारी संध्याकाळी आले आणि दारातच उभे राहिले. "मास्तर, शरदला एक फोन लावता का?"

"तुमच्याकडे आहे की फोन."

"मी लावून काय सांगू? जिंकल्यालं मानूस काय सांगनार?" माझ्या दाराची कडी हलवून बघितली. "तुमी म्हना, आबाचं काय खरं न्हाई. पळाल्यापासनं धाप लागतीय."

"भाऊ, सकाळीच तुम्ही माझ्यासोबत आठ किलोमीटर पळालात. धाप मला लागली होती."

"मंग तीच सांगा. कुनाची हाय ते कशाला सांगाय पायजे?"

मला हसू आलं आणि मग येईना. भाऊ रुळाकडे बघत होते. म्हणाले, "त्यो 'चला' म्हनायचा, मी 'न्हाई' म्हनायचो. त्याच्यासाटीच यायची वो ती समदी. मला वाटलं, जिंकलो तरी एकदा म्हनंल."

फार वाईट वाटलं मला. या माणसाला जिंकून देण्यासाठी मी भर चौकात उघडा झालो होतो. माझ्या शर्टानंच त्यांचे रविवार घालवले होते.

मी फोन लावला. शाळेत पोरांना 'नेहमी खरे बोलावे' शिकवणारा मी, शरदला सांगितलं की आबांचं काही बरं दिसत नाही, धाप लागते, जेवणावर मन नाही. शरद घाबरला. "उद्या सकाळीच येतो सर, सगळे येतो," म्हणाला. "अजून काही त्रास आहे का त्यांना?"

मी भाऊंकडे बघितलं. ते माझ्या फोनला कान लावून उभे होते. माझी बाही धरून अगदी हळू म्हणाले, "गुडघ्याचं बी सांगा."